शालेय मंत्रिमंडळाला खाती दिलीत, आता काम द्या

मा. शालेय शिक्षण व साक्षरता मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

सविनय नमस्कार.

खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या सरकारी मराठी शाळांत वर्षाच्या सुरुवातीला शालेय मंत्रिमंडळ निवडलं जातं. शपथविधी होतो, फोटो वर पाठवले जातात. पुढे बहुतेक ठिकाणी मुख्यमंत्री घंटा वाजवतो आणि आहारमंत्री ताटं मोजतो.

घोळ निवडीपासूनच सुरू होतो. सर हुशार मुलाचं नाव सुचवतात, वर्ग हात वर करतो. हात वर करताना पोरं सरांकडे बघतात, नाहीतर वर्गातल्या दांडगोबाकडे. म्हणून मतदान चिठ्ठीनेच हवं. वहीच्या एका पानाच्या आठ चिठ्ठ्या होतात. चिठ्ठीवर नाव आणि चिन्ह असावं, म्हणजे पहिलीतलं मूलही फुली मारू शकतं. चिन्हं छत्री, पतंग, मडकं अशी ठेवावीत. हात आणि कमळ टाळावेत, हे आपल्याला सांगायला नको. कपाटाआड मतदान घ्यावं, बोटावर स्केचपेनचा ठिपका द्यावा आणि मोजणी फळ्यावर, सगळ्यांदेखत करावी. पन्नास-साठ पटाच्या शाळेत हे तासाभरात उरकतं.

खाती पाचच पुरेत. मात्र प्रत्येकाला एक वही द्या, आणि तिच्यात ‘काय झालं नाही व का’ असा रकाना ठेवा. पाणीमंत्र्याने टाकी धुतल्याची तारीख, गळके नळ, बंद स्वच्छतागृह लिहावं. शनिवारी वीस मिनिटं बैठक व्हावी आणि मुख्याध्यापकांनी पुढच्या शनिवारी वहीतच उत्तर द्यावं. सगळे मंत्री सातवीचे नेमले की ते शाळा सोडून जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. निम्मे पाचवी-सहावीतले असावेत.

क्लबांचं दुखणं वेगळं आहे. द्विशिक्षकी शाळेत इको, विज्ञान, वाचन असे सगळे क्लब कागदावरच राहतात. अशा शाळांना दोनच निवडू द्या आणि दप्तराविना असलेला तिसरा शनिवार त्यांच्यासाठी राखा. परसबागेचा आदेश जूनमध्ये आला, तर खानापूरच्या पावसात बी कुजतं. गणपतीनंतर पेरलं, तर दसऱ्याच्या सुट्टीत पाणी घालायला कुणी नसतं. सुट्टी संपताच मेथी पेरली, तर महिन्याभरात भाजी अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात पोहोचते.

शेवटची गोष्ट ग्रामपंचायत भरवते त्या मुलांच्या ग्रामसभेची. तिथलं कामकाज कन्नडमध्ये चालतं आणि मराठी शाळेतली मुलं टाळ्या वाजवून परततात. निमंत्रण आठ दिवस आधी, दोन्ही भाषांत द्यावं. मुलांचे प्रश्न एकाच कागदावर डावीकडे मराठीत, उजवीकडे कन्नडमध्ये लिहून घ्यावेत. कन्नड विषयाचे शिक्षक एवढी मदत नक्की करतील. पंचायतीचं लेखी उत्तर तीस दिवसांत शाळेच्या फळ्यावर लागावं.

याला वेगळी योजना नको. शाळेमागे वर्षाला हजार रुपये आणि मराठी प्रत जोडलेलं एक परिपत्रक पुरे. ते मे महिन्यातच, शाळा उघडण्याआधी काढावं, ही विनंती.

आपले,
सीमाभागातील मराठी शाळांचे शिक्षक व एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सदस्य