पाठकोरे कागद आणि गणिताचा पेपर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आल्या की वर्तमानपत्रांतून ताणतणावावरचे लेख सुरू होतात. आपल्या पुरवणीतही गेल्या आठवड्यात एक आला. वेळेवर झोपा, हलकं जेवा, मोबाइल लांब ठेवा. सल्ला चांगलाच आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. पण गणिताच्या पेपरची धास्ती नुसत्या झोपेने जात नाही. कराडजवळच्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षं बी.एस्सी.ला गणित शिकवलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले, आणि निवृत्त झाल्यावरही दर परीक्षेआधी मुलं आमच्या ओसरीवर येऊन बसतात. येणाऱ्या प्रत्येकाचं गाऱ्हाणं एकच असतं: "मॅडम, वाचताना सगळं समजतं, पण पेपरात काही सुचत नाही."

या गाऱ्हाण्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

मागच्या महिन्यात तृतीय वर्षाची एक मुलगी आली. वही बघत राहावी अशी. मथळे लाल शाईत, सिद्धता निळ्या शाईत, प्रमेयांना पट्टीने आखलेल्या चौकटी. मी वही मिटून बाजूला ठेवली, एक पाठकोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "लॅग्रांजचं मीन व्हॅल्यू थिअरम लिही." तिने लगेच सूत्र लिहून दाखवलं: दोन टोकांमधला सरासरी उतार हाच मधल्या कुठल्यातरी सी या बिंदूपाशी फंक्शनचा उतार, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, असतो. "एवढंच?" "हो मॅडम." मग म्हटलं, "मॉड एक्स हे फंक्शन घे, वजा एकपासून दोनपर्यंत. तुझ्या सूत्रातला सी कुठे येतो तो काढ बरं." मॉड एक्स म्हणजे चिन्ह सोडून एक्सची किंमत. तिने दोन्ही टोकांच्या किमती घातल्या, सरासरी उतार एक तृतीयांश आला. मग डेरिव्हेटिव्ह काढायला गेली. शून्याच्या डावीकडे वजा एक, उजवीकडे अधिक एक. एक तृतीयांश काही कुठे सापडेना. बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग आपणहून पेन्सिलीने आलेख काढला आणि खालच्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथे टोक आहे. इथे डेरिव्हेटिव्हच नाही."

बंद अंतरालावर (टोकांसकट) सातत्य हवं आणि खुल्या अंतरालावर (टोकं सोडून) फंक्शन विकलनक्षम, म्हणजे सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असलेलं, हवं, ही ओळ तिच्या वहीत लाल शाईत होती. पन्नासदा डोळ्यांखालून गेली असेल. पण ती अट तिथे कशासाठी बसली आहे, हे तिला कळलं ते त्या टोकावर बोट ठेवल्यावर. त्यानंतर तिने प्रमेय पुन्हा लिहिलं तेव्हा अटी आधी आल्या, सूत्र मागाहून.

हे मी अधिकाराने सांगते, कारण मी स्वतः याच खड्ड्यात पडले होते. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ॲनालिसिसच्या पेपरात मला १०० पैकी ३८ मिळाले. सीनियर मुलींच्या नोट्स मी तोंडपाठ केल्या होत्या. त्यात एक उदाहरण होतं: एक्सचा एन वा घात ही फंक्शनांची क्रमिका शून्य ते एक या अंतरालावर युनिफॉर्मली कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे सगळ्या बिंदूंवर एकसारखी सीमेजवळ जात नाही. पेपरात तेच आलं, फक्त अंतराल होतं शून्य ते अर्धा. मी प्रश्न नीट वाचलाच नाही, पाठ केलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. शून्य ते अर्ध्यावर ते फंक्शन फार तर अर्ध्याच्या एन व्या घाताएवढं होतं, आणि तो घात शून्याकडे जातो. म्हणजे तिथे कन्व्हर्जन्स युनिफॉर्मच आहे. दोन ओळींचं काम. मी दोन पानं लिहून शून्य गुण आणले.

त्या सुट्टीत अण्णांनी सोसायटीच्या कचेरीतून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणून दिला. एका बाजूला युरियाच्या पोत्यांचा हिशेब, दुसरी बाजू कोरी. म्हणाले, "वाचू नकोस. लिही." अण्णा सातवी शिकलेले. मला गणितात मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला तोच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली, आणि मुलांनाही मी तीच सांगते. पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर उदाहरण पहिल्या ओळीपासून मांडायचं. अडलं की त्या ओळीपाशी फुली मारायची आणि पुस्तकातली तेवढीच एक ओळ बघायची, पुढची नाही. पुस्तक परत मिटायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच उदाहरण काहीही न बघता. फुल्या कुठे पडल्या हे कागदावर दिसतं, आणि तेवढाच आपला खरा अभ्यास उरलेला असतो. सोडवलेलं उदाहरण वाचताना पुढची ओळ समोर छापलेलीच असते, म्हणून ती आपल्यालाही सुचली असती असं वाटतं. परीक्षेला ती ओळ छापलेली नसते. अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी असाच एक प्रयोग केला होता. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर सरस ठरले ते न बघता आठवून लिहिणारे. प्रयोग गणितावरचा नव्हता, उताऱ्यांवरचा होता. तरी ओसरीवर मी जे पाहत आले ते याहून वेगळं नाही.

दुसरं, धडे क्रमाने करून भागत नाही. पहिलं युनिट संपवलं, मग दुसरं, असं केलं की प्रत्येक उदाहरणाला कुठली रीत लावायची हे आधीच ठाऊक असतं. पेपरात ते कोणी सांगत नाही. मी स्टीलच्या एका डब्यात सगळ्या युनिटांच्या उदाहरणांच्या चिठ्ठ्या घालून ठेवते. मुलाने डोळे मिटून पाच उचलायच्या आणि घड्याळ लावून सोडवायला बसायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांचेच चेहरे उतरतात. दहा-बारा दिवसांत फरक पडतो. आणि कृपा करून अख्खं युनिट ऑप्शनला टाकू नका. मालिका (अनंत पदांच्या बेरजा) ऑप्शनला टाकलेला मुलगा पुढे पॉवर सिरीजपाशी (एक्सच्या घातांच्या मालिकांपाशी) अडतो, आणि तिथे अडला की डिफरन्शियल इक्वेशन्सही हातची जातात.

पाठांतर कुठे उघडं पडतं याचं एक उदाहरण गठ्ठ्यातलंच देते. एक्स दोनकडे जाताना एक्सच्या वर्गाची सीमा चार, हे एप्सिलॉन-डेल्टाने सिद्ध करा, हा नेहमीचा प्रश्न. उत्तरात एप्सिलॉनएवढाच फरक चालणार असेल तर एक्स दोनपासून किती लांब चालेल, ते अंतर म्हणजे डेल्टा. एक्सचा वर्ग वजा चार म्हणजे एक्स वजा दोन गुणिले एक्स अधिक दोन. डेल्टा एकपेक्षा मोठा घ्यायचा नाही असं ठरवलं की एक्स एक आणि तीनच्या मध्ये राहतो, म्हणून एक्स अधिक दोन पाचाच्या आत राहतं, आणि म्हणून डेल्टा घ्यायचा एक आणि एप्सिलॉन भागिले पाच यांतला लहान. एका वर्षी पेपर काढणाऱ्याने दोनच्या जागी तीन घातले. आता एक्स अधिक तीन सातापर्यंत जातं, तेव्हा पाचाच्या जागी सात हवेत. त्या गठ्ठ्यात एकामागून एक उत्तरपत्रिकेत मी एप्सिलॉन भागिले पाच वाचत होते. अक्षर सुंदर, मांडणी चोख, आणि पाच आला कुठून हे कोणालाच माहीत नाही. ही सिद्धता लिहिण्याआधी कच्चं काम उलट दिशेने करायचं असतं, शेवटून सुरुवातीकडे. ते फळ्यावर दाखवायचं काम आमचं, आणि आमच्यातले पुष्कळ जण ते न दाखवता थेट 'समजा डेल्टा एवढा' असं लिहून मोकळे होतात. हा दोष मुलांचा नाही.

परीक्षेच्या खोलीत काय करावं, हेही सांगते. साठ गुण आणि दोन तास, म्हणजे गुणाला दोन मिनिटं. सहा गुणांचा प्रश्न बारा मिनिटांत होत नसेल तर तिथे जागा सोडून पुढे जायचं. सगळ्यात जास्त वेळ खातं ते दुहेरी संकलन, म्हणजे डबल इंटिग्रेशन. समजा, आत वाय आणि बाहेर एक्स, वाय एक्सपासून एकपर्यंत, एक्स शून्यापासून एकपर्यंत, आणि फंक्शन ई चा वाय-वर्ग घात. आतलं संकलन नेहमीच्या कुठल्याच सूत्राने सुटत नाही, तरी मुलं अर्धा अर्धा तास त्याच्याशी झगडतात. आधी प्रदेशाचा त्रिकोण काढला की क्रम बदलायचा आहे हे डोळ्यांना दिसतं आणि उत्तर चार ओळींत येतं: ई वजा एक, भागिले दोन. आकृतीला लागतो अर्धा मिनिट.

आणि उत्तर पडताळून बघा. पहिल्या ओळीत चार-एक, दुसऱ्या ओळीत दोन-तीन अशी मॅट्रिक्स असेल तर कर्णावरच्या संख्यांची बेरीज सात. आयगेन व्हॅल्यूंची (ज्या व्हेक्टरांची दिशा मॅट्रिक्स बदलत नाही त्यांना ती ज्या पटींनी गुणते त्यांची) बेरीजही सातच यायला हवी, आणि गुणाकार डिटर्मिनंटएवढा, म्हणजे चार गुणिले तीन वजा एक गुणिले दोन, दहा. पाच आणि दोन आले तर पुढे जा. पाच आणि तीन आले असतील तर चूक तिथेच धरा, कारण त्यांच्यावरून काढलेले पुढचे सगळे व्हेक्टर वाया जाणार. खोडलेल्या भागावर दोनदा-तीनदा गिरवून तो पार काळा करू नका, एक आडवी रेघ पुरे. तपासणाऱ्याला त्याखालची बरोबर पायरी दिसली आणि दुसरीकडे तुम्ही काही लिहिलेलं नसलं, तर गुण द्यावेत असं माझ्यासारखीच्या मनात येतं.

आपल्याकडे रँग्लर परांजपे हे नाव घराघरात आदराने घेतलं जातं. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तिथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत, सीनियर रँग्लर (पहिल्या क्रमांकाचा) झाला. त्या परीक्षेची तयारी खासगी शिक्षकांकडे घड्याळ लावून, न पाहिलेली उदाहरणं कागदावर सोडवून होत असे. पण तिलाही दुसरी बाजू होती. गणित म्हणजे वेगाची शर्यत झाली, म्हणून जी. एच. हार्डींसारखे इंग्रज गणिती त्या पद्धतीवर तुटून पडले आणि १९०९ नंतर क्रमवारी जाहीर करणं बंद झालं. आमच्याकडे शर्यतही नाही आणि सरावही नाही अशी अवस्था आहे. मागच्या पाच वर्षांच्या पेपरांतली उदाहरणं आकडेसुद्धा न बदलता पुन्हा येतात, मग मुलांनी ती पाठ केली तर त्यांना बोल कसा लावायचा? पेपर काढणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की निदान दोनच्या जागी तीन तरी घाला, आणि तसं करणार हे वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गात सांगा.

विद्यापीठांकडेही एक मागणी आहे. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकाराखाली मान्य केला. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांनी आपली उत्तरपत्रिका पाहिलेली असते. अर्ज, शुल्क, मुदत यांत ते राहून जातं, आणि छायाप्रत हातात पडेपर्यंत पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून झालेला असतो. केटी लागलेल्या (विषय राहिलेल्या) मुलाला आपण कुठल्या ओळीवर चुकलो हेच कळलं नाही तर तो पुन्हा तेच वाचणार आणि पुन्हा तिथेच चुकणार. गणितापुरतं तरी निकालानंतरच्या आठवड्यात एक दिवस ठरवून उत्तरपत्रिका मुलांपुढे ठेवाव्यात, शेजारी विषयशिक्षक बसवावा. महाविद्यालयांच्या अंतर्गत चाचणीत तर हे उद्यापासून करता येईल. मी नोकरीत असताना तपासलेले पेपर वर्गात परत देत असे. त्या तासाला मुलं जेवढे प्रश्न विचारत तेवढे एरवी महिन्यात विचारत नसत.

येत्या रविवारपासून सकाळी आठ ते दहा ओसरीवर पुन्हा चिठ्ठ्यांचा डबा निघेल. चौदा मुलं येणार आहेत आणि कागद मात्र आठवडाभर पुरतील एवढेच शिल्लक आहेत. कराडमधल्या छापखान्यांत, पतसंस्थांत, वकिलांच्या कचेऱ्यांत पाठकोरे कागद रद्दीत जातात. खासगी मजकूर नसलेले असे कागद वाचकांनी आपल्या जवळच्या महाविद्यालयाच्या गणित विभागात नेऊन द्यावेत. एका बाजूला काय छापलं आहे याची मुलांना पर्वा नसते.

आपली,
एक निवृत्त गणित प्राध्यापिका, कराड