मोकळेपणाने बोलायचं, पण कुणाशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कॅन्सर पेशंटच्या मनोबलावरचा लेख वाचला. सूर्यफुलांचा फोटो छान होता. ‘पेशंटने घरच्यांशी मोकळेपणाने बोलावं’ असं लेखिकाबाई सांगतात. उत्तम. पण घरच्यांनी आधी पेशंटला कळू तर द्यावं!

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी ओव्हरीची गाठ निघाली. रिपोर्ट आला त्या दिवशी इथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि मुलाला आत घेतलं. ३१ वर्षं गणित शिकवलंय मी. साध्या गाठीला वीस मिनिटं लागत नाहीत, एवढं मला बाकावरच कळलं. मुलगा चष्मा पुसत बाहेर आला. “काही नाही गं आई, एकदा मुंबईला दाखवून येऊ.”

मग घरात नाटक सुरू. मी खोलीत शिरले की टीव्हीचा आवाज वाढायचा. नणंद फोनवर नुसतं ‘ते’ म्हणायची. शेजारणी ‘पॉझिटिव्ह राहा हं’ म्हणून चहा पिऊन जायच्या. कशाबद्दल राहायचं, ते मात्र कुणी सांगेना.

परळला टाटात जायचं ठरलं. महालक्ष्मीचं स्लीपरचं तिकीट आलं, त्यात माझं भाडं जवळजवळ नाहीच. विचारलं तर म्हणे, सीनिअर सिटिझनची सवलत. अहो, ती रेल्वेने मार्च २०२० मध्येच काढून घेतली! आमच्या पेन्शनर मंडळात अजून तिच्या नावाने शिमगा चालू आहे. स्लीपरला पूर्ण भाडं कुणाला माफ असतं, हेही मला ठाऊक होतं. पण पोरगा त्या तिकिटाची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. मी म्हटलं, बरं. रात्री तो झोपल्यावर गाडीतल्या निळ्या दिव्यात फाइल वाचून काढली.

दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलो. नळावर डबा घासत होते. शेजारी डोक्याला पंचा गुंडाळलेली परभणीकडची एक बाई. म्हणाली, “मावशी, तुमचं कुठलं? माझं तोंडाचं.”

“पोटातलं. तिसरी स्टेज.”

महिन्याभरात पहिल्यांदा मी ते तोंडाने बोलले. तिने ना उभारी दिली, ना धीर. “केमोला जाताना लिंबू जवळ ठेवा, वास घ्यायला,” म्हणाली आणि ताट विसळायला लागली. त्या रात्री मला झोप लागली.

तेव्हा लेखिकाबाईंना एवढंच सुचवते, की समुपदेशन आधी नातेवाइकांचं करा. आणि डॉक्टरमंडळींनो, पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाही खुर्ची द्या, बाक नको.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात पान पाचवर ‘कॅन्सर मुळासकट बरा’ अशी काढ्याची चौकट आहे. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पुरवणीत मनोबल आणि आत काढा, म्हणजे तुमच्याकडे सगळ्यांचीच सोय दिसते.

माझं नाव छापू नये ही विनंती. सूनबाई हा पेपर पहिल्या पानापासून वाचते, आणि मला सगळं मुंबईच्या डॉक्टरांकडून कळलं असंच घरात अजून समजतात.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज