काठी हातात दिलीत, त्याबद्दल

मॅडम,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चला, जोड्या करा" म्हणून विषय संपवता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर अशासाठी, की कराटे शिकायला आलेल्यांना काठी कशाला, असं विचारणारं वर्गात कुणी ना कुणी असतंच.

ठोसा-लाथेच्या सरावात अंतराचा अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी निभावतं. सत्तरेक सेंटिमीटरच्या वेताच्या काठीपुढे निभावत नाही. तिचं टोक मनगटापेक्षा कितीतरी वेगाने फिरतं. अर्धं पाऊल मागे राहिलं की ती बोटांवर बसते. तुम्ही यावर व्याख्यान दिलं नाहीत, नुसतं गार्डमध्ये, म्हणजे बचावाच्या पवित्र्यात, पुढे असलेल्या हाताला टोक लावत राहिलात. आर्निस या काठीच्या युद्धकलेत (२००९ पासून कायद्यानेच फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ) पहिला नेम समोरच्याच्या हातावरच धरतात, हे नंतर कळलं. तोवर पाय आपोआप तिरके निघायला लागले होते, आणि स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, सरळ मागे हटणं बंद झालं होतं.

सिनावलीचा, म्हणजे आर्निसमधला दोन काठ्यांचा सराव मला सगळ्यात आवडतो. दोन्ही हातांत काठ्या, समोर जोडीदार, ठरलेल्या क्रमाने वर-खाली टकटक. ताल बसला की मध्येच तुम्ही म्हणता, "काठ्या खाली, हात चालू." वरून येणाऱ्या फटक्याचा होतो तळहाताचा तडाखा, उलट्या फटक्याचा उलट्या मुठीचा, आणि मोकळा हात समोरच्याचं मनगट दाबून धरतो. वेगळं काही शिकवावं लागत नाही. माझा कमजोर हात कामाला लागला तो इथे. नुसत्या कातांनी (कराटेच्या ठरलेल्या हालचालींच्या एकट्याने करायच्या मालिकांनी) त्याला एवढं जागं केलं नव्हतं.

खडूच्या सुरीबद्दल मात्र खास आभार. रबरी सुरीच्या कडेला खडू फासून तुम्ही जोड्या लावल्यात. बघायला सगळ्यांचे ब्लॉक नेटके होते, आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या काळ्या टी-शर्टवर, हातांवर, पोटावर पांढऱ्या रेघा. सुरी हिसकावण्याचे दिमाखदार प्रकार किती जण शिकवतात! तुम्ही आधी पळायला शिकवलंत. वाटच नसेल तर सुरीचा हात दोन्ही हातांनी पकडून ठेवायचा आणि सोडायचा नाही.

हे काही तुमचं एकटीचं खूळ नाही, हेही शंकेखोरांना सांगायला हवं. केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेत आधी अंग तयार करतात, मग लाकडी शस्त्रं, मग धातूची, आणि वेरुंकै, म्हणजे निःशस्त्र झुंज, परंपरेने शेवटी येते. आयकिडो या जपानी युद्धकलेत वरून किंवा तिरका येणारा हात तलवारीच्या वारासारखा असतो. लाकडी तलवार एकदा हातात घेतली की तो हल्ला तसा विचित्र का दिसतो, ते उमगतं. टोन्फा, म्हणजे आडवी मूठ असलेला लाकडी दांडा, कोपरापासून मुठीपर्यंत हाताला चिकटून राहतो, त्यामुळे कराटेचा ब्लॉक नीट फिरत नसेल तर तो लगेच दाखवून देतो. (नानचाकूबद्दल, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांबद्दल, माझं मत वेगळं आहे. टाळ्या भरपूर, उपयोग बेताचा.)

सगळंच श्रेय काठीला देणार नाही. खाली पडल्यावरची झटापट तिने येत नाही, त्यासाठी कुस्ती किंवा जुजुत्सूच हवं. शिवाय काठीचे मोठे वळसे अंगात मुरले की ठोसाही लांबून फिरून यायला लागतो. काठी ठेवली की लगेच पॅडवर सरळ ठोसे मारायला लावता, ते यासाठीच ना? घामाघूम झाल्यावर तेव्हा राग यायचा, आता नाही येत.

एक विनंती आहे. नव्या तुकडीला खडूची सुरी शेवटी नका ठेवू, सुरुवातीलाच दाखवा. पॅड धरायला मी येतेच.

तुमची,
मागच्या रांगेतली डावखुऱ्या पवित्र्याची विद्यार्थिनी