तुलाच विचारते

ठमे,

तीन महिने साधा मेसेज टाकला नाही, शिव्या घालायच्या तर घाल पण आधी हे पूर्ण वाच. तब्येत बरी, आईचे गुडघे आहेत तसेच.

छोटू कुणाकडे राहणार या दादा-वहिनीच्या केसमध्ये दादाच्या वकिलांनी माझ्या नावाने अ‍ॅफिडेव्हिट तयार केलंय. वहिनी छोटूला तिच्या धर्मात ओढतेय, आमचे संस्कार पुसतेय, असं लिहून खाली मी सही करायची. 'कोर्टाला त्याचं काय?' असं वकिलांना विचारलं, तर म्हणे १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्यात, कलम १७ मध्ये मुलाचा धर्म बघतात. घरी येऊन ते कलम वाचलं गं मी. सगळ्यात आधी मुलाचं हित आहे त्यात, त्यासाठी बघायच्या गोष्टींत वय, लिंग, धर्म येतात, आणि मूल समजतं असेल तर त्याचं म्हणणंही कोर्ट विचारात घेऊ शकतं. तेवढं सोडून वकिलांनी नेमका धर्म उचलला. वहिनीकडच्यांनीही आमच्याबद्दल तेच लिहिलंय म्हणा. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टने लग्न झालं तेव्हा साक्षीदार म्हणून सही मीच केली होती, कुणालाच धर्म बदलावा लागणार नाही म्हणून किती खूश होतो आपण सगळे!

रविवारी छोटूला आणलं. लिफ्टमध्ये अम्मी असं म्हणाली, अम्मीने हे घेतलं, अखंड बडबड. दादाच्या दाराशी मी बेल वाजवणार तर माझी ओढणी ओढून हळूच म्हणाला, "आत्या, आत गेल्यावर मी मम्मा म्हणेन हां." सात वर्षांचं पोर गं.

मला तू दिसलीस, सुट्टीतल्या त्या दोन बॅगा घेऊन. 'तुझी मज्जाय, दोन-दोन घरं' असं मी म्हणाले म्हणून पंधरा दिवस बोलली नव्हतीस, आणि मी मूर्खासारखी माझी पट्टी परत मागत होते. सॉरी गं, खरंच.

सही करणार नाही असं दादाला सांगितलं. "तू बहीण कोणाची?" म्हणाला. वाईट नाही गं तो, रात्री छोटूच्या कॉटवर नुसता बसून असतो, ते बघवत नाही.

तुझ्या प्रमोशनचं कळलं, खूप खूप अभिनंदन, लेकीला पापा.

शुक्रवारी तारीख आहे, जज छोटूशी एकट्याशी बोलणार आहेत. तुलाही असंच आत बोलावलं होतं ना? आत जाण्याआधी कुणी काय बोललेलं तुला बरं वाटलं असतं? की काहीच बोलू नको? रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझीच