दोर बांधणाऱ्यालाही शिकवा

महोदय,

मल्लखांबाच्या स्पर्धांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात आवर्जून येतात, याचे समाधान आहे. स्पर्धेचे वय सरल्यावर मल्लखांब खेळणाऱ्या मुली कुठे जातात, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. माझ्याकडे दोरीचा मल्लखांब शिकलेली एक विद्यार्थिनी आज एका सर्कशीत हवेतल्या दोरावरचा खेळ करते. तिची वाटचाल जवळून पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

१८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि पुढे केरळमधल्या तेलिचेरीच्या कीलेरी कुन्हीकण्णन यांनी कलावंत घडवण्याचे काम हाती घेतले. तेव्हापासून सर्कशीतली मुले बहुधा लहानपणीच तंबूत येत आणि तिथेच शिकत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अठरा वर्षांखालील मुलांना सर्कशीत कामाला ठेवणे बंद झाले. हा निर्णय योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु तंबूतली शिकवणी थांबल्यावर तिची जागा घेणारे काहीही आपण उभे केले नाही. सज्ञान आणि तयार शरीराचा कलावंत आता तालमीतूनच मिळू शकतो, आणि दोरावरची तयारी तर महाराष्ट्रातल्या तालमींइतकी क्वचितच कुठे होत असेल.

तरीही तालीम आणि तंबू यांत अंतर आहे. आमचा सुती दोर बोटाएवढ्या जाडीचा असतो. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत तो धरून मुलगी वर चढते, पायांची अढी घालते, गाठ न मारता केवळ वेढ्यांच्या आधाराने आसन करते. सर्कशीतला दोर पुष्कळ जाड आणि कापडाने मढवलेला असतो, त्यामुळे ही चिमटी तिथे निकामी ठरते. माझ्या विद्यार्थिनीला चढण्यापासून सगळे नव्याने बसवावे लागले. गुडघ्यामागची आणि कमरेची कातडी दोराने सोलवटून निघाली. त्यातच मनगट फासात अडकवून लोंबकळायचे आणि खाली उभ्या असलेल्या साथीदाराने दोर गरागरा फिरवायचा, हा प्रकार तालमीत कधीच नसतो. तो तिने तंबूतल्या एका ज्येष्ठ कलावंत ताईंकडून आत्मसात केला. त्या ताई तिथे नसत्या, तर तिला शिकवणारे दुसरे कोणीच नव्हते.

मला खरी धास्ती वाटते ती दोराच्या वरच्या टोकाची. कलावंत वेढे सोडत खाली कोसळते आणि दोरावर एकदम अडते, त्या क्षणी आढ्यावर तिच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. पीळ बसू नये म्हणून लावलेली फिरती कडी, म्हणजे स्विव्हल, सतत घासून झिजते, आणि तिच्यातली चीर खालून दिसत नाही. लिलियन लाइट्झेल ही अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीची जगविख्यात कलावंत होती. एका हाताच्या फासावर ती शंभराहून अधिक गिरक्या घेत असे. फेब्रुवारी १९३१ मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगात तिच्या साधनातील धातूची फिरती कडी तुटली, लाइट्झेल खाली पडली आणि दोन दिवसांनी मृत्यू पावली. तिचे कौशल्य तसूभरही उणे पडले नव्हते. आपल्याकडे दर मुक्कामी तंबू उतरतो आणि पुन्हा चढतो. दोर बांधणारे कामगार अनुभवी असतात, पण त्यांना या भाराचे आणि झिजेचे शास्त्रशुद्ध शिक्षण कोणी दिलेले नसते.

म्हणून राज्याच्या क्रीडा विभागाने हवेतल्या दोराचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम सुरू करावा आणि त्यात मल्लखांबपटूंच्या बरोबरीने सर्कशीतल्या कामगारांनाही प्रवेश द्यावा. शिकवण्यासाठी निवृत्त सर्कस कलावंतांना मानधनावर बोलवावे; त्यांच्यापैकी अनेकजण हलाखीत दिवस काढत आहेत आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबरच संपणार आहे. सर्कशीला परवानगी देताना स्थानिक प्रशासनाने दोर, हूक आणि कड्या प्रशिक्षित व्यक्तीने तपासल्याची नोंद मागावी, तसेच उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येक कलावंताचा अपघात विमा उतरवल्याचा कागद पाहिल्याशिवाय पहिल्या खेळाला मंजुरी देऊ नये.

– एक मल्लखांब प्रशिक्षक, सातारा