मिरजेतल्या त्या अनोळखी माणसांना

माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या हृदयाला छिद्र होतं. ऑपरेशनला तीन महिने झाले. काल तो गल्लीत पोरांमागं पळाला, आणि मी लिहायला बसले.

नवरा कुपवाडला लेथवर, मी सांगलीत कापडाच्या दुकानात. दोघांच्या पगारात घर चालतं, विम्याचा हप्ता बसत नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सक्तीने लागू व्हायला किमान १० कामगार लागतात. ह्यांच्या वर्कशॉपमध्ये सहाच आहेत. पहिल्या दवाखान्यात खर्चाचा आकडा ऐकून आम्ही जिन्यातच बसलो होतो.

तिथं एक नऊवारीतल्या काकू थांबल्या. "रडू नगा. रेशनकार्ड हाय न्हवं?" महात्मा फुले जनआरोग्य योजना केशरी कार्डालाही चालते, फक्त दवाखाना यादीतला लागतो, हे त्यांनीच सांगितलं. आम्ही दोघं शिकलेले, तरी माहीत नव्हतं.

कार्डावर पोराचं नावच नव्हतं. पुरवठा शाखेतल्या दादांनी जेवणाची सुट्टी सोडून ते काम मार्गी लावलं. मिरजेच्या दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्र ताई मंजुरी येईपर्यंत रोज स्वतः फोन करायच्या.

आणि रक्त द्यायला आलेले ते चौघे! दोघं मार्केट यार्डातले हमाल, रात्रपाळी करून थेट आलेले. नावं विचारली तर "राहू द्या वहिनी" म्हणाले, चहासुद्धा घेतला नाही.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुम्ही तासगावच्या एसटीत चढलात, एवढंच मला ठाऊक आहे. पोरगं बरं आहे. त्याला तुमच्या पाया पडायला आणायचंय.