अंडी टिकवायचीत ना, मग आधी धुवू नकोस

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू विचारलंस की फ्रिज नसेल तर अंडी किती टिकतात, मी म्हटलं दोनेक आठवडे आरामात, तर तू म्हणालास "मला सहा महिने टिकवायचीयत" आणि तेवढ्यात लाइन कट झाली. झाली ते बरंच झालं. याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाहीये, आणि मी या भानगडीत स्वतः पडून तोंड (खरं तर नाक) पोळून घेतलंय, त्यामुळे सगळं लिहूनच काढतो. लांबण लागणारे, वैतागू नकोस.

पहिली गोष्ट, बाकीचं सगळं विसरलास तरी चालेल पण ही नको विसरू: टिकवायची अंडी धुवायची नाहीत. माहितीये मला तू काय म्हणशील, घाण लागलेली असते, पिसं चिकटलेली असतात वगैरे. मग ती बाजूला काढ आणि आज-उद्या खाऊन टाक. टिकवायला फक्त मुळातच स्वच्छ असलेली घ्यायची. कोंबडी अंडं घालते ना, तेव्हा ते वरून ओलसर असतं, त्यावर एक पातळ लेप असतो आणि तो काही मिनिटांत वाळतो. अंड्याचं कवच आपल्याला गच्च बंद वाटतं पण त्याला सात-आठ हजारांपासून पंधरा-सतरा हजारांपर्यंत बारीक छिद्रं असतात, आतल्या पिल्लाला श्वास घ्यायला लागतो म्हणून, आणि हा लेप त्या छिद्रांची तोंडं झाकतो. आपण साबण आणि घासणी घेऊन चकाचक करतो म्हणजे काय करतो, तर हजारो दारं सताड उघडून ठेवतो. याच कारणावरून देशादेशांत दोन तऱ्हा आहेत बघ, अमेरिकेत विकायची अंडी धुतात आणि मग ती फ्रिजमध्येच ठेवावी लागतात, आणि युरोपात पहिल्या प्रतीची अंडी धुवायलाच परवानगी नाही म्हणून ती दुकानात साध्या फळीवर दिसतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त धुवून बाहेर ठेवणं हे दोन्हीकडे चुकीचं, आणि मी नेमकं तेच केलं होतं. ते सांगतो पुढे.

मला या सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अंडं हे मुळातच टिकायला बनलेलं असतं. विचार कर, खुडूक व्हायच्या आधी कोंबडी रोज एक असं करत दहा-बारा अंडी घालते आणि सगळी जमली की मग बसते. म्हणजे पहिलं अंडं दीड-दोन आठवडे तसंच उघड्यावर पडून असतं, आणि तरी एकविसाव्या दिवशी साधारण सगळी पिल्लं एकदमच बाहेर येतात. दुधाला किंवा मांसाला जमेल का हे? आतल्या पांढऱ्यात लायसोझाइम नावाचं एक द्रव्य असतं जे जंतूंची भिंतच फोडतं, १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगने शोधलं ते, तोच पेनिसिलीनवाला, आणि पहिल्यांदा त्याला ते सापडलं शेंबडात! नंतर लक्षात आलं की अंड्याच्या पांढऱ्यात तर ते ठासून भरलेलं आहे. शिवाय पांढऱ्यातलं आणखी एक प्रथिन लोह असं धरून ठेवतं की जंतूंना ते मिळतच नाही, उपाशी मरतात. एवढा बंदोबस्त आधीच आहे, आपण फक्त त्याची वाट लावायची नाही.

मग बिघडतं कसं? छिद्रांतून दोन गोष्टी बाहेर जातात, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. पाणी गेलं की बोथट टोकाकडचा हवेचा कप्पा मोठा होतो. कार्बन डायऑक्साइड गेला की पांढऱ्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, सातच्या वर अल्कली) चढतो, ताज्या अंड्यात साडेसातच्या आसपास असतो तो काही दिवसांत नऊच्या वर जातो, आणि मग ते घट्ट जेलीसारखं पांढरं पाणी-पाणी व्हायला लागतं. बलक पांढऱ्यापेक्षा हलका असतो, त्यामुळे पांढरं पातळ झालं की तो तरंगत वर येतो आणि कवचाला चिकटतो, आणि तिथून जंतूंना आयतं जेवण. म्हणून अंडी नेहमी टोकदार बाजू खाली करून ठेवायची, म्हणजे हवेचा कप्पा वर राहतो आणि बलक मधे. आता लक्षात येईल तुझ्या, की जगभरात लोकांनी जे जे उपाय शोधले ते जवळपास सगळे एकच काम करतात, छिद्रं बुजवायची.

तुझ्यासाठी माझं मत सरळ आहे, चुन्याची निवळी कर. एक लिटर पाण्याला साधारण तीस ग्रॅम विझवलेला चुना, खाण्याच्या प्रतीचा, बांधकामाचा अजिबात नको त्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे, आणि चुनकळी (न विझवलेला चुना) तर चुकूनही नको, ती पाण्यात पडली की पाणी उकळायलाच लागतं आणि डोळ्यात उडालं तर कायमचं नुकसान. विझवलेला चुनाही हाताला झोंबतो, हातमोजे घाल. तू म्हणशील तीस ग्रॅम विरघळतच नाही, खाली बसतो. बरोबर आहे, लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो (आणि गंमत म्हणजे गरम पाण्यात त्याहून कमी, साखर-मिठाच्या उलट, त्यामुळे पाणी कोमट करायच्या फंदात पडू नको). बाकीचा चुना तळाशी राहू दे, तो राखीव साठा. वर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून पाण्यावर पातळ पापुद्रा धरतो, तोही फोडू नको, ती झाकणी आहे. आणि अंड्यातून जो वायू बाहेर यायला बघतो त्याची निवळीशी गाठ पडली की चुनखडी तयार होते, म्हणजे ज्या पदार्थाचं कवच बनलंय त्याच पदार्थाने छिद्रं बुजतात. मला तर हे फारच देखणं वाटतं. शिवाय निवळीचा पीएच बाराच्या वर, त्यात जंतू तग धरत नाहीत.

काचेची किंवा चिनी मातीची बरणी घे, ॲल्युमिनियम नको, चुना ते खातो. अंडी टोक खाली करून ठेव, वर चार बोटं निवळी राहील इतकी ओत, सैलसर झाकण लाव आणि थंड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून दे. पुन्हा पुन्हा हलवू नको. जमेल तशी रोज त्या-त्या दिवशीची ताजी अंडी भर घालत गेलास तरी चालतं. सात-आठ महिने सहज जातात.

आता माझी कथा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चाळीसेक अंडी घेतली, स्वच्छतेचा भारी उत्साह, सगळी साबण लावून घासली, एक-दोघांना घासताना बारीक तडे गेले असणार ते मला दिसलेच नाहीत, आणि वर अंदाजपंचे चुना टाकला. चौथ्या महिन्यात घरातल्या घरात बरणी उघडली. पक्या, तो वास मी शब्दांत सांगू शकत नाही, सडलेल्या अंड्याचा हायड्रोजन सल्फाइड हा पुस्तकात वाचायचा आणि नाकात जायचा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तळाचं एक अंडं फुटून सगळ्या निवळीत मिसळलं होतं आणि त्यापायी बाकीची सगळी फेकावी लागली. घरातलं दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. त्यामुळे दोन गोष्टी शिकलो, एकतर मोठ्या एका बरणीपेक्षा चार लहान बरण्या, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक अंडं तपासायचं. मोबाइलचा टॉर्च लावून अंधारात बघ, तडा उजेडाच्या रेघेसारखा दिसतो. किंवा दोन अंडी एकमेकांवर अगदी हलकेच टकटकव, चांगल्याचा आवाज खणखणीत येतो आणि तडा गेलेल्याचा बद्द. आवाजाची सवय व्हायला जरा वेळ लागतो पण एकदा कान बसला की टॉर्चपेक्षा भरभर होतं.

दुसरा पर्याय वॉटरग्लासचा, म्हणजे सोडियम सिलिकेट, एक भाग ते आणि दहा भाग उकळून गार केलेलं पाणी. गेल्या शतकात दोन्ही महायुद्धांच्या काळात ब्रिटन-अमेरिकेतल्या घराघरांत याचे डबे असायचे. ब्रिटनमध्ये १९४१ पासून अंड्यांचं रेशनिंग होतं, माणशी आठवड्याला जेमतेम एक, आणि तेही मिळालं तर, त्यामुळे ज्यांच्या परसात कोंबड्या होत्या ते वसंतातली अंडी हिवाळ्यासाठी यातच बुडवून ठेवायचे. काम चोख करतं, पण हाताला, ओट्याला, बरणीला चिकटून काचेसारखं घट्ट होतं आणि निघता निघत नाही, मला त्याचा कंटाळा आहे. आणि एक लक्षात ठेव, यातलं अंडं उकडायचं असेल तर आधी बोथट टोकाला सुईने भोक पाड, छिद्रं बंद असल्यामुळे आतल्या हवेला जायला वाट नसते, फाटकन फुटतं.

तेल-चरबी चोळायची पद्धत तर फार जुनी. अठराव्या शतकात रेओम्युर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने अंड्यांना व्हार्निश लावून बघितलं, मग मेंढीची चरबी लावून बघितली, आणि आयर्लंडात कॉर्कच्या बाजूला आत्ताच घातलेलं गरम अंडं हातात घेऊन त्याला लोणी चोळायचे, गरम असतानाच लोणी छिद्रांत मुरतं म्हणून. सोपं आहे, पण इतक्या महिन्यांच्या हिशोबाला मी त्यावर अवलंबून राहणार नाही, आणि लोणी-चरबी स्वतःच खवट होते तो वास अंड्याला लागतो. राख, कोंडा, भुसा, कोरडं मीठ यांत पुरून ठेवणं हेही त्यातलंच, थोडं पाणी उडायचं कमी होतं, अंडी एकमेकांना घासत नाहीत, पण छिद्रं काही नीट बुजत नाहीत. महिनाभरासाठी ठीक.

चीनमधल्या त्या काळ्या अंड्यांचं तू मागे विचारलं होतंस, ते पिदान. ते टिकवणं नाही रे, ते अंड्याचं दुसरंच काहीतरी करणं आहे. चुना, राख, मीठ, चहा आणि चिखल यांच्या लेपात ठेवतात, अल्कली हळूहळू आत शिरते आणि पांढरं गडद तपकिरी पारदर्शक जेलीसारखं होतं, बलक हिरवट आणि मऊ. नाव हजार वर्षांचं, लागतात काही आठवडे ते काही महिने. पूर्वी काही ठिकाणी त्यात शिशाचं संयुग घालायचे, त्यामुळे घरी असले प्रयोग नकोतच. मिठाच्या पाण्यातली बदकाची अंडी मात्र करून बघण्यासारखी, मीठ बलकातलं पाणी ओढून घेतं आणि बलक घट्ट, केशरी, तेलकट होतो. पांढरं खारट ढोण होतं पण बलक काय लागतो!

एका गोष्टीवर मात्र मी तुझ्याशी भांडणार. तू म्हणालास "उकडून व्हिनेगरमध्ये घालू का, लोणच्यासारखी?" घाल, पण मग ती फ्रिजमध्येच. बाहेर ठेवायची नाहीत. १९९७ साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये एकाने घरी अशी अंडी घातली, टूथपिकने टोचली आणि बाहेरच ठेवली, आणि त्याला बॉट्युलिझम झाला, म्हणजे जंतूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा. आंबटपणा बलकाच्या गाभ्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो, तोवर आत हवा नाही, आंबट नाही, बॉट्युलिझमच्या जंतूला आणखी काय हवं? आणि टोचून ते जंतू आपणच आत ढकलतो.

साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचंही तसंच, तो कधीकधी कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात आलेला असतो, कवच तयार व्हायच्या आधीच. त्याला चुना काहीही करू शकत नाही. म्हणून बरणीतली अंडी कच्ची किंवा हाफ बॉइल नाही, पांढरं-बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवायची, आतलं तापमान ७१ अंश सेल्सियस तरी जायला हवं. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर त्यांना ताजीच दे, ही नको.

पाण्यात टाकून बघायची ट्रिक इथे कामाची नाही हेही सांगून ठेवतो. ताजं अंडं आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं, हे खरंय, पण ते हवेच्या कप्प्याचं माप आहे, आणि निवळीतल्या अंड्याचा कप्पा वाढतच नाही, त्यामुळे ते सहा महिन्यांनीही शहाण्यासारखं तळाशी बसेल. नाकच वापरायचं. आणि अपेक्षा जरा कमी ठेव, पांढरं पातळ असेल, फेटलं तर फेस नीट धरणार नाही, बलक हात लावताच फुटेल, कधी चुन्याची बारीक चव येईल. ऑम्लेट, भुर्जी, केकचं पीठ, यांना चालतं.

तुझ्या कोंबड्या आत्ता धडाधड अंडी देतायत कारण दिवस मोठा आहे, त्यांना चौदा ते सोळा तास उजेड लागतो. दिवस लहान झाले, पिसं झडायला लागली की टोपली रिकामी, म्हणून भरायचंय ते आत्ताच. आणि कोंबडा वेगळा ठेवता आला तर ठेव, फळलेलं अंडं उकाड्यात आतून वाढायला लागतं, बिनफळलेलं जास्त टिकतं.

पहिली बरणी दहा-बाराचीच कर, त्यावर तारीख घाल, आणि पहिलं अंडं फोडशील तेव्हा थेट पातेल्यात नको, वेगळ्या वाटीत फोड. आणि बाहेर फोड रे बाबा, घरात नको. काय निघालं ते लगेच कळव.

तुझाच,
बंड्या